दुखणं एकीकडे, मूळ भलतीकडे: ट्रिगर पॉइंट समजून घेताना

खांदा पुढून दुखतो म्हणून माणूस पुढूनच बाम चोळतो. ट्यूब संपते, दुखणं हलत नाही. मग एखादा जाणता फिजिओथेरपिस्ट मागे उभा राहून खवाट्यावर, म्हणजे खांद्यामागच्या त्या पसरट त्रिकोणी हाडावर, मधोमध एका जागी अंगठा रोवतो आणि माणूस ‘आई गं!’ करून उसळतो. दाबलं पाठीवर आणि कळ उठली पुढे, नेमकी रोजच्याच जागी. इतके दिवस चाललं होतं ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पाठीवरच्या त्या जागेला ट्रिगर पॉइंट म्हणतात. स्नायू हजारो बारीक तंतूंचा बनलेला असतो. त्यातले काही तंतू आखडून राहिले की बोटाखाली एक ताठ पट्टा लागतो. त्या पट्ट्यावरून बोट सरकवत नेलं की एक जागा अशी येते, जिथे दाब पडताच वेदना उसळते. बरेचदा तिथे ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्यापर्यंत कुठल्याही आकाराची गाठ हाताला लागते. पट्टा आडवा छेडला तर कधीकधी तेवढाच स्नायू क्षणभर फडफडतो, आणि हे डोळ्यांना दिसतंही.

काही ट्रिगर पॉइंट आपणहून दुखतात, त्यांना सक्रिय म्हणतात. काही नुसते बसून असतात. दाबले तरच दुखतात, एरवी स्नायू थोडा आखडलेला, थोडा कमजोर वाटतो इतकंच. असे बसून असलेले ट्रिगर पॉइंट धडधाकट माणसांतही सर्रास सापडतात. त्यामुळे कुणी तुमची मान चाचपून ‘बापरे, किती गाठी आहेत!’ म्हणालं तर लगेच दहा सिटिंगचं पॅकेज घेऊ नका. कामाची खूण एकच: दाबल्यावर ‘हेच, हेच माझं दुखणं’ असं तुम्हाला ओळखू आलं पाहिजे. नुसतं दुखलं याला फारसा अर्थ नाही. जोरात दाबलं तर कुठेही दुखतं.

आपल्याकडे हा अनुभव नवा नाही. पाठीत उसण भरणं, मान धरणं, खांदा भरून येणं हे सगळे शब्द याच मुलखातले, जरी त्या प्रत्येकामागे ट्रिगर पॉइंटच असतो असं नाही. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ पाठीला लावून घ्यायचा उपाय खेडोपाडी आजही सांगितला जातो. पायाळू असण्याचा त्यात काही हात नसावा. पण आखडलेल्या पाठीवर टाचेचा दाब पडून चार घटका बरं वाटत असेल, तर त्यात नवल वाटायचं कारण नाही.

मिठाच्या पाण्याची सुई आणि एक राष्ट्राध्यक्ष

वेदना आपली जागा सोडून भलतीकडे जाणवते, हे पद्धतशीर प्रयोग करून दाखवलं ते लंडनमध्ये, १९३८ च्या सुमारास. जोनस केलग्रेन नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्या आणि स्वयंसेवकांच्या स्नायूंत सुईने मिठाचं तीव्र पाणी थोडंथोडं सोडलं आणि कळ कुठे उठते त्याचे नकाशे काढले. कुल्ल्यातल्या स्नायूत सुई टोचली तर दुखणं पायात उतरे. मानेच्या मुळाशी टोचली तर डोक्याची मागची बाजू दुखायला लागे. आणि हे माणसागणिक बदलत नव्हतं, त्या त्या स्नायूचा नकाशा बऱ्यापैकी ठरलेला होता.

न्यूयॉर्कच्या डॉ. जेनेट ट्रॅव्हेल (१९०१–१९९७) यांनी हे काम दवाखान्यात आणलं. पुढची काही दशकं त्या रुग्णांचे स्नायू एकेक करून तपासत राहिल्या. ट्रिगर पॉइंट दिसला की त्यात भूल देणाऱ्या औषधाचं इंजेक्शन, किंवा त्वचेवर गार फवारा मारून स्नायू हळूहळू ताणणं, अशी त्यांची पद्धत होती. १९५५ मध्ये त्यांच्याकडे एक तरुण सिनेटर आला. पाठीवर शस्त्रक्रिया होऊनही त्याची पाठ त्याला सोडत नव्हती. तो जॉन केनेडी. ट्रॅव्हेल यांनी इंजेक्शनं दिली, एक पाय किंचित आखूड आहे हे ओळखून बुटाच्या टाचेला उंची दिली आणि झुलत्या खुर्चीत बसायला सांगितलं. केनेडींचे खुर्चीतले फोटो पुढे जगभर छापून आले. १९६१ मध्ये ते अध्यक्ष झाल्यावर ट्रॅव्हेल त्यांच्या वैयक्तिक डॉक्टर झाल्या. अमेरिकेत या पदावर त्यांच्याआधी एकही बाई नव्हती. या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र ट्रिगर पॉइंटचे भक्त सहसा सांगत नाहीत. तो पुढे येईल.

ट्रॅव्हेल यांचे जोडीदार डॉ. डेव्हिड सायमन्स हे मूळचे अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर. १९५७ मध्ये बलूनला टांगलेल्या बंद डब्यात बसून ते एकटे सुमारे ३० किलोमीटर उंचीवर गेले होते. तिथून उतरून माणसाच्या मानेतल्या गाठींकडे वळावं, हा प्रवास मला भारी वाटतो. दोघांनी मिळून लिहिलेला जाडजूड ग्रंथ १९८३ आणि १९९२ मध्ये दोन खंडांत निघाला. आज कुठल्याही फिजिओथेरपिस्टच्या भिंतीवर शरीराच्या चित्रांवर लाल ठिपक्यांचे जे तक्ते दिसतात, ते बहुतेक सगळे त्याच घराण्यातले.

कळ वाट का चुकते

मज्जारज्जूत प्रत्येक स्नायूसाठी वेगळी तार नाही. खवाट्यावरचा स्नायू आणि खांद्याचा पुढचा भाग यांच्याकडून येणाऱ्या खबरा मानेच्या जवळपास त्याच मणक्यांपाशी पोचतात आणि पुष्कळदा त्याच पेशींवर येऊन पडतात. जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडांना मिळून एकच घंटा असावी, तशी ही गत. घंटा वाजली हे कळतं, पण कुणाकडे पाहुणा आलाय ते कळत नाही. मेंदू अंदाज बांधतो, आणि तो अंदाज बरेचदा चुकतो. हार्ट अटॅकमध्ये डावा हात दुखतो, पित्ताशय बिघडलं तर उजव्या खांद्याला कळ येते, तेही याच कारणाने. ही उदाहरणं लक्षात ठेवा. भलतीकडे जाणवणारी प्रत्येक वेदना स्नायूची नसते.

आता गाठ मुळात तयार का होते? सायमन्स यांनी मांडलेली कल्पना अशी. नस जिथे स्नायूला मिळते तिथे अॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि तंतू आकुंचन पावतो. काही कारणाने हे रसायन थोडंथोडं गळतच राहिलं, तर तेवढ्या जागेचा तंतू आखडलेलाच राहतो. आखडलेला तंतू आजूबाजूच्या केशवाहिन्या दाबतो, त्यामुळे रक्त कमी पोचतं, म्हणजे प्राणवायू कमी आणि ऊर्जाही कमी. आणि यातली गंमत अशी की स्नायूला सैल व्हायलाही ऊर्जा लागते. ती नाही म्हणून तो सुटत नाही, आणि सुटत नाही म्हणून ऊर्जा पोचत नाही. तिथे आम्लता वाढते, वेदना चेतवणारी रसायनं साचतात आणि घंटा वाजत राहते.

कल्पना देखणी आहे. तिला थोडा आधारही मिळाला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जय शाह आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये केसाइतक्या बारीक सुईने खांद्याच्या स्नायूतला द्रव खेचून तपासला. सक्रिय ट्रिगर पॉइंटमध्ये आम्लता आणि वेदनेची रसायनं जास्त सापडली. पण त्या प्रयोगात माणसं होती अवघी ९.

विरोधी बाजूही भक्कम आहे. १९९२ मध्ये नामवंत तज्ज्ञांना, ज्यांत खुद्द सायमन्स होते, रुग्णाचं दुखणं काय ते न सांगता तपासायला लावलं, तेव्हा ताठ पट्टा कुठे आहे यावर त्यांचं एकमेकांशी जमेना. नंतर एकत्र बसून सराव केल्यावर तज्ज्ञांचं एकमत वाढतं असंही दुसऱ्या अभ्यासात दिसलं. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन क्विंटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्टच लिहिलं की स्नायूत गाठ होऊन दुखतं हा सिद्धांत टिकत नाही. त्यांच्या मते दोष स्नायूच्या गाठीत नसून हळव्या झालेल्या नसांत किंवा एकूण मज्जासंस्थेत असू शकतो.

माझ्यापुरता मी याचा अर्थ असा लावते: दुखरी जागा खरी, भलतीकडे उठणारी कळ खरी, दाबल्यावर मिळणारा आरामही खरा. आत नेमकं काय घडतं याची कथा मात्र अजून लिहून पूर्ण झालेली नाही. म्हणून ‘आम्ही गाठ फोडतो’, ‘साचलेलं लॅक्टिक अॅसिड काढतो’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहावं. व्यायामाने तयार झालेलं लॅक्टिक अॅसिड तासाभरात शरीर स्वतःच निस्तरतं. ते वर्षभर मानेत ठाण मांडून बसत नाही.

मणक्यात गॅप आणि इतर निष्कर्ष

पाठ किंवा मान दुखली की आपल्याकडे पहिली धाव एमआरआयकडे. रिपोर्ट येतो, त्यात गादी फुगल्याचं किंवा झिजल्याचं लिहिलेलं असतं आणि माणूस घरी येऊन सांगतो, ‘मणक्यात गॅप आहे’. त्यानंतर पिशवी उचलणं बंद, वाकणं बंद. पण ज्यांना कसलंही दुखणं नाही अशा पन्नाशीच्या माणसांचे एमआरआय काढले, तर त्यांतल्या सुमारे ६० टक्के लोकांत मणक्यातली गादी फुगलेली दिसते, अगदी विशीतल्यांतही सुमारे ३० टक्क्यांत. म्हणजे चित्रातली झीज आणि आजची कळ यांचा संबंध असेलच असं नाही. स्नायूची दुखरी जागा एमआरआयमध्ये दिसत नाही, ती बोटांनीच शोधावी लागते. दहा हजारांच्या तपासणीआधी दहा मिनिटं कुणीतरी हात लावून तपासावं, एवढी अपेक्षा रुग्णाने ठेवायला हरकत नाही.

दाबायचं कसं

सामान फारसं लागत नाही. टेनिस बॉल किंवा तेवढाच रबरी चेंडू आणि भिंत. सीझन बॉल नको, तो फार कडक. चेंडू घसरतो, म्हणून तो लांब मोज्यात घालून मोजा खांद्यावरून मागे सोडायचा आणि टोक हातात धरायचं. पोटरीला घरातलं लाटणं चालतं (पोळ्यांचं वेगळं ठेवा).

भिंत आणि शरीर यांच्यामध्ये चेंडू धरून अंगाचा भार हळूहळू टाकायचा. दुखरी जागा सापडली की थांबायचं. दाब किती? वेदना शून्य ते दहा मोजली तर चार ते सहाच्या मधे. ‘दुखतंय पण बरं वाटतंय’ असं जे आपण मालीश करणाऱ्याला सांगतो, तेवढा. श्वास रोखला गेला, दात आवळले गेले, तर दाब जास्त झाला. अर्धा ते एक मिनिट तसंच राहायचं. बरेचदा या वेळात दुखणं आपोआप उतरतं, सहाचं तीन होतं. मग दाब सोडायचा, थोडं थांबून पुन्हा एक-दोनदा. नंतर तो स्नायू सावकाश ताणायचा आणि हात किंवा मान सगळ्या दिशांना फिरवून घ्यायची. आधी गरम पाण्याच्या पिशवीचा शेक घेतला तर काम सोपं जातं. दिवसातून एकदा-दोनदा पुरे. दुसऱ्या दिवशी जागा निळी पडली किंवा आणखी दुखायला लागली, तर तुम्ही उपचार केला नाहीत, मार दिलात.

‘जितकं दुखेल तितकं बरं’ ही आपल्याकडची मालीशवाल्यांची आणि जिमवाल्यांची आवडती समजूत. तिला आधार नाही. दाबाने मज्जासंस्था शांत व्हावी असा बेत असतो. तिला घाबरवलं तर स्नायू आणखी आवळतो.

तीन जागा, तीन घोटाळे

मान आणि खांदा यांना जोडणारा वरचा मांसल भाग, दमलेल्या माणसाचा हात आपोआप जातो तो, हा ट्रॅपिझियस. याची कळ मानेच्या कडेने वर चढून कानामागून कानशिलापर्यंत जाते. माणूस डोकेदुखीची गोळी घेतो, चष्म्याचा नंबर तपासतो. लॅपटॉप फार खाली किंवा टेबल फार उंच, एका खांद्यावर जड पर्स, कान आणि खांदा यांत फोन धरून चाललेला स्वयंपाक, स्कूटरवर थंडीत वर ओढून धरलेले खांदे, ही नेहमीची कारणं. इथे वरून खाली दाबायचं नाही. दुखऱ्या बाजूचं कोपर टेबलावर टेकवायचं म्हणजे खांदा सैल होतो, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा व बोटं यांच्या चिमटीत तो मांसल भाग धरून तेवढाच धरून ठेवायचा. डोकेदुखी नवी, अचानक आणि आयुष्यात कधी नव्हती इतकी जोरात असेल, किंवा सोबत ताप, उलट्या, दिसण्यात फरक असेल, तर ती मानेची समजू नका.

दुसरी जागा सुरुवातीची, खवाट्यावरची. स्नायूचं नाव इन्फ्रास्पायनेटस. तो हात बाहेरच्या बाजूला फिरवतो आणि खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवतो. उंच दांडीवर कपडे वाळत घालणं, गाडी चालवताना मागच्या सीटवरची पिशवी ओढणं, क्रिकेटमध्ये वर्षाने एकदम वीस ओव्हर टाकणं, यांनी तो चिडतो. कळ खांद्याच्या पुढच्या बाजूला खोल जाणवते, कधी दंडातून खाली उतरते. पाठीमागे हात नेऊन हुक लावणं किंवा मागच्या खिशात हात घालणं जड जातं, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. भिंतीला पाठ लावून थोडं त्या बाजूला वळायचं, चेंडू खवाट्यावर त्याच्या आडव्या उंचवट्याच्या खाली येऊ द्यायचा आणि सावकाश शोधायचं. ही जागा सापडल्यावर लोक हमखास चकित होतात, कारण तिथे दुखत असल्याचा त्यांना पत्ताच नसतो.

इथे फ्रोझन शोल्डरशी गल्लत होते. फरक साधा आहे. हात सैल सोडा, कोपर अंगाला लावून काटकोनात ठेवा आणि दुसऱ्याला तो हात बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगा. दुसऱ्यानेही फिरवता फिरत नसेल, खांदा जणू कुलूप लागल्यागत अडत असेल, तर तो फ्रोझन शोल्डर असण्याची शक्यता मोठी. मधुमेह असलेल्यांत तो जास्त दिसतो. तिथे चेंडू पुरणार नाही, तपासणी लागेल.

तिसरी जागा कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या बाजूला, पँटच्या शिवणीच्या जरा मागे, खोलवर. ग्लुटियस मिनिमस हा छोटा स्नायू, पण त्याची कळ मांडीच्या बाहेरून थेट घोट्यापर्यंत जाऊ शकते. सगळे म्हणतात, सायटिका. सायटिकात नस दबलेली किंवा चिडलेली असते. तिथे बहुधा मुंग्या, बधिरपणा, खोकल्या-शिंकल्यावर पायात सणक, कधी पाऊल किंवा अंगठा उचलायला जड जाणं अशा खुणा असतात. स्नायूच्या कळीत हे नसतं, आणि जागा दाबल्यावर तीच कळ पायात उतरते. एकाच पायावर भार देऊन ओट्यापाशी किंवा दुकानाच्या काउंटरमागे तासन् तास उभं राहणाऱ्यांना, मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून गाडी चालवणाऱ्यांना हे विशेष. भिंतीला कुशीने टेकून चेंडू लावायचा. कुल्ल्याच्या मधोमध खोल दाबू नका, तिथून मोठी नस जाते. पायात मुंग्या आल्या की चेंडू लगेच सरकवा.

बाकी जबड्याचा स्नायू दातदुखीचं सोंग आणतो आणि चांगल्या दाताचं रूट कॅनल होता होता राहतं. पोटरीचा आतला स्नायू टाचेत दुखतो, पण सकाळचं पहिलं पाऊल टाकताना होणारी टाचदुखी बहुतेक तळव्याचीच असते. रात्री पायात येणारे गोळे हा प्रकार वेगळा, त्यात स्नायू थोडा वेळ एकदम आवळतो आणि सुटतो.

कुठे हात लावायचा नाही

छातीत दाब, घाम, धाप, जबडा किंवा डाव्या हातात कळ असेल तर चेंडू शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं असेल, विशेषतः लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण नुकतंच झालं असेल, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. ती पोटरी चोळणं धोक्याचं, लाटणं तर नाहीच. मानेची पुढची बाजू, काख, जांघ, गुडघ्याची मागची खळगी या ठिकाणी मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा वरवर असतात, तिथे दाब नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

पाठदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणं, ही तातडीची लक्षणं आहेत. त्यात रात्र काढायची नाही. ताप, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, आधी कधी कॅन्सर झालेला असणं, यांपैकी काही असेल तर आधी निदान.

आणि एक, दाबून दाबून कंटाळलात आणि सगळं अंगच दुखत असेल, तर रक्त तपासा. थायरॉईड कमी असणं, ड जीवनसत्त्व कमी असणं यांनी अंग दुखतं. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नेहमीचंच, त्याने थकवा आणि मुंग्या येतात. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी नवी सुरू झाली आणि स्नायू दुखायला लागले, तर डॉक्टरांना तसं सांगा. लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी.

सुई

हल्ली ‘ड्राय नीडलिंग’ची चलती आहे. ट्रॅव्हेल औषध टोचत होत्या. १९७९ मध्ये प्रागच्या कारेल लेविट यांनी दाखवलं की औषधाशिवाय नुसती सुई दुखऱ्या जागी नेमकी गेली तरी आराम पडतो. सुई अॅक्युपंक्चरचीच असते, जागा निवडण्याचा विचार वेगळा. सुई गेल्यावर स्नायू फडफडतो, एक-दोन दिवस जागा ठणकते. आजवरच्या अभ्यासांचा एकंदर सूर असा की काही दिवस ते काही आठवडे फायदा दिसतो, त्यापुढचा पुरावा कच्चा आहे. धोकाही आहे. मान-खांद्याच्या वरच्या भागात किंवा बरगड्यांवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं. क्वचित होतं, पण होतं. म्हणून टोचणाऱ्याचं शिक्षण विचारायला लाजू नका, आणि सुई नवी, तुमच्यासमोर फोडलेली हवी.

परत परत का येतं

केनेडींच्या गोष्टीचा उत्तरार्ध असा. इंजेक्शनांनी त्यांना आराम पडे, पण तो टिकत नसे. मग पुन्हा इंजेक्शन. अध्यक्ष झाल्यावर वर्षभरातच त्यांच्याभोवतीच्या दुसऱ्या डॉक्टरांना याची काळजी वाटू लागली आणि १९६१ च्या उत्तरार्धात हान्स क्राउस यांना बोलावलं गेलं. क्राउस मूळचे ऑस्ट्रियातले, न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले डॉक्टर आणि नावाजलेले गिर्यारोहक. त्यांनी पाहिलं तर अध्यक्षांचे पोटाचे आणि पाठीचे स्नायू पार दुबळे झालेले. त्यांनी इंजेक्शनं थांबवून आठवड्यातून अनेकदा व्यायाम सुरू केला. काही महिन्यांत केनेडींची पाठ पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली. ट्रॅव्हेल चुकीच्या होत्या असा याचा अर्थ मी काढणार नाही. दुखणाऱ्या माणसाला आधी हलण्याइतका आराम हवा असतो. पण आराम मिळालेल्या वेळात स्नायू मजबूत केला नाही, तर पुन्हा तेच.

दाबल्यावर मिळालेला आराम काही तास टिकतो, फार तर दोन दिवस. तो वेळ वापरायचा. डेन्मार्कमध्ये २०११ साली मान-खांदा वारंवार दुखणाऱ्या १९८ लोकांवर एक अभ्यास झाला. त्यांतल्या काहींनी रबरी पट्टा पायाखाली धरून दोन्ही हात बाजूंना खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचा व्यायाम केला, रोज फक्त २ मिनिटं, १० आठवडे. काहींनी १२ मिनिटं केला. व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा दोन्ही गटांचं दुखणं स्पष्ट कमी झालं, आणि २ मिनिटंवाले १२ मिनिटंवाल्यांच्या फारसे मागे नव्हते. रबरी पट्टा नसेल तर पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घ्या.

खवाट्यावरच्या स्नायूसाठी कोपर अंगाला लावून हाताची मागची बाजू भिंतीवर दाबायची, पाच-दहा सेकंद, आठ-दहा वेळा. कुल्ल्यासाठी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून वर उचलायचा, सावकाश खाली आणायचा. दुखणं चारच्या वर जाऊ द्यायचं नाही, दर आठवड्याला थोडं वाढवायचं. त्याच्या जोडीला लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं, पर्स हलकी आणि खांदा बदलून, मागच्या खिशातलं पाकीट पुढे, अर्ध्या तासाने एकदा उठणं. झोप कमी असेल तर दुखणं वाढतं, हेही लक्षात असू द्या. परीक्षेच्या आणि मार्चएंडच्या दिवसांत मान जास्त का धरते याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

तीन-चार आठवडे नेमाने करून काहीच फरक पडला नाही, तर आणखी जोरात दाबू नका. दाबण्याची जागा चुकली असेल किंवा दुखणंच वेगळं असेल. फिजिओथेरपीची पदवी असलेल्या कुणाकडे तरी जा, आणि गेल्यावर कुठे दुखतं एवढंच सांगू नका. कुठली हालचाल केली की दुखतं आणि दिवसाच्या कुठल्या वेळी ते सगळ्यात कमी असतं, तेही सांगा.